‘खरंच पुसू का?’

ऑफिसात माझ्या ताईला सगळे पाठीमागे ‘नन्ना’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. तिचा नन्नाचा पाढा मी लहानपणापासून घरात ऐकला, आणि आता शेजारच्या खुर्चीवर बसून ऑफिसातही ऐकत होते.

आमचं काम नकाशे सांभाळणाऱ्या प्रोग्रामचं. जुन्यात नुसती काळी खिडकी, तिच्यात आज्ञा टाइप करायच्या. नवा बटणांचा, दिसायला देखणा. पण गिऱ्हाइकाकडच्या नकाशे काढणाऱ्या बायका हटून बसल्या, की आमची काळी खिडकी आत कुठेतरी बसवा, आमचे हात तिलाच सरावलेत. साहेबांनी जेवणाच्या सुट्टीआधी ती स्वतःच बसवून टाकली. वर लिहायची चौकट, खाली उत्तर. म्हणाले, “झालं की! कशाला एवढा बाऊ?”

ताईने एका नकाशाची नक्कल घेऊन ती पुसायची आज्ञा दिली. जुन्या खिडकीत लगेच प्रश्न यायचा, ‘खरंच पुसू का?’ इथे तो आलाच नाही. नकाशा गायब.

कारण साधं होतं. पुसणारा प्रोग्राम आधी बघतो, पलीकडे टर्मिनल, म्हणजे माणसाने आज्ञा टाइप करायची खरी काळी खिडकी, आहे का. असेल तर समोर माणूस आहे असं धरून विचारतो. नसेल तर आपोआप चालणारं काम समजून पुसून मोकळा होतो. साहेबांची चौकट नुसती टर्मिनलसारखी दिसत होती. मध्ये टर्मिनलचं हुबेहूब सोंग घेणारा तुकडा बसवायला हवा होता, आणि त्याला वेळ लागणार होता.

“उद्या गिऱ्हाईक येतंय,” ताईने हे सांगितल्यावर साहेब म्हणाले. “दाखवण्यापुरतं चालतंय ना? मग हो म्हणा.”

“नाही. एखादीचं वर्षभराचं काम एका चुकीच्या बोटाने जाईल.”

“मग दुसरी नोकरी बघा.”

मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. आईचं औषधपाणी तिच्याच पगारावर चालतं. तिने पाय बाजूला घेतला. मला तिचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाबरोबर नकाशे काढणारी एक वयस्कर बाई आली. साहेब बटणं दाखवण्यात रंगले होते. ताईने सरळ कीबोर्ड त्या बाईंपुढे सरकवला.

“मावशी, तुम्हीच चालवून बघा. सगळ्या नकला आहेत, हवं ते पुसा.”

मावशींनी आज्ञा टाइप केली आणि सवयीने प्रश्नाची वाट बघत बोट उचलून धरलं. ते तसंच हवेत राहिलं.

“अगं, याने मला विचारलं का नाही?”

“कारण तुम्ही इथे बसलाय, हे त्याला माहीतच नाही,” ताई म्हणाली. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

गिऱ्हाईक म्हणालं, हे नीट झाल्याशिवाय आम्ही काही घेत नाही. काम ताईकडे आलं. साहेबांनी राजीनामा मागितला नाही. मागितला असता तरी तिने नाहीच म्हटलं असतं.

खिडकी तयार झाली त्या दिवशी साहेब मागे येऊन उभे राहिले. ताईने पुसायची आज्ञा दिली. काळ्या पडद्यावर प्रश्न उमटला, ‘खरंच पुसू का?’

“अरे वा, विचारतोय! म्हणा आता ‘हो’,” साहेब म्हणाले.

ताईने मागे वळूनही न बघता टाइप केलं, ‘नाही’.