रशीदचाचांनी बसवलेला कूलर

"ताई, कॉम्प्युटर परत बंद पडला," नाझनीन फोनवर म्हणाली. मागे तिचं बाळ रडत होतं.

मी चिडलेच. उरणमध्ये कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आणि त्या मशीनचा कूलर मी स्वतः निवडून दिला होता.

नाझनीन न्हावा शेव्याच्या एका शिपिंग ऑफिसची कागदपत्रं घरून बनवते. साहेबांनी तिला बजावलं होतं, "मशीन चालत नसेल तर सोमवारपासून ऑफिसला या." नवरा बोटीवर, बाळ अंगावर पिणारं. ऑफिसला जाणं म्हणजे तिच्यासाठी नोकरी सोडणंच होतं.

प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, कामाला लागला की तापतो. त्याच्यावर धातूचा हीटसिंक बसतो. तो उष्णता ओढून घेतो आणि वरचा फॅन ती उडवून लावतो. ही जोडी म्हणजे कूलर. नाझनीनचा जुना फॅन खाऱ्या हवेने जाम झाला होता. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून मशीन आपोआप बंद पडतं.

तिचे सासरे रशीदचाचा कुवेतला फिटर होते, आता कायमचे परत आलेत. त्यांनी मला मोबाइलवर रंगीत लाइटवाला एक दांडगा कूलर दाखवला होता. "ह्यो लाव. मोठा हाय, जास्त थंड करल."

"चाचा, तुमच्या कॅबिनेटचं झाकणच लागणार नाही," मी म्हटलं. "आणि त्याचे स्क्रू तुमच्या सॉकेटला बसत नाहीत."

सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची बैठक. ती जुळली पाहिजे. कूलरची उंची कॅबिनेटात मावली पाहिजे. आणि प्रोसेसर जितके वॅट उष्णता सोडतो, तितकी पेलायची कूलरची ताकद पाहिजे. तिन्ही बघून मी तांब्याच्या तळाचा एक बुटका कूलर दिला. बसवायला मी येणार होते, पण चाचांना कुठला धीर. "फिटरला काय शिकवते," म्हणत त्यांनी स्वतःच बसवला.

मी गेले. मशीन चालू केलं. फॅन छान फिरत होता, स्क्रू घट्ट होते. स्क्रीनवर मात्र प्रोसेसरचं तापमान भराभर चढत होतं. हीटसिंकला बोट लावलं तर तो थंडगार. म्हणजे खालची उष्णता वर पोचतच नव्हती. मशीन पुन्हा बंद पडलं.

विचार करत सोफ्यावर टेकले, तर खालचं प्लास्टिक करकरलं. मग नीट बघितलं. टीव्हीच्या कडेला दुकानातली फिल्म तशीच. फ्रिजच्या दांडीला प्लास्टिक. रिमोट पिशवीत.

"चाचा, कूलरच्या तळाला पारदर्शक फिल्म होती ना?"

"व्हती. तशीच ठेवलीय," चाचा अभिमानाने म्हणाले. "तांबा हाय. खाऱ्या हवेत हिरवा पडला असता."

मी कपाळावर हात मारला. कूलर काढला, उष्णता अडवणारी ती फिल्म सोलली, प्रोसेसरवरची जुनी पेस्ट पुसून नवी लावली. ही पेस्ट प्रोसेसर आणि तांबं यांच्यातली बारीक फट भरते. कूलर परत बसवला. तापमान थोडं चढलं आणि तिथेच थांबलं. नाझनीनने लगेच कामाची फाइल उघडली. तिचा चेहरा बघून माझा राग कुठल्या कुठे गेला.

चाचा खजील झाले होते. "सगळं कुवेतहून आणलेलं," ते म्हणाले. "परत येईन तवा नवं असावं, म्हणून जपत आलो."

नाझनीनने स्क्रीनवरून मान न वळवता म्हटलं, "अब्बा, मग आता आलात ना तुम्ही."

मी टूलकिट आवरत होते, तेव्हा चाचा सोफ्यापाशी वाकून प्लास्टिकचं टोक शोधत होते.

नाझनीन अजून घरूनच काम करते. कूलर घेताना सॉकेट, उंची, वॅट बघा, हे मी सगळ्यांना सांगते. फिल्म काढायचंही सांगते. फिटर असेल तर दोनदा.