खिडकीच्या जाळीतलं भोक

सकाळपासून अनुसयाबाईच्या जिवाला घोर लागला होता. थोरली लेक शिला सहा दिवसांची पोर घेऊन दुपारी हिंगोलीच्या दवाखान्यातून तांड्यावर यायची होती, आणि घरच्या खिडकीची जाळी अजून फाटलेलीच!

फाटलेली म्हणजे उंदरानं कुरतडलेली नव्हे. तिनंच विळ्यानं कापली होती. नळ आठ दिवसांतून एकदा, तोही तासभर. खिडकीतून पाइप आत घेतला की कोपऱ्यातलं टिपाड भरायचं. बाहेर ठेवलं तर शेळ्या तोंड घालतात. आणि पाण्याचं भांडं कधी रितं होऊ द्यायचं नाही, ही तिच्या आईची शिकवण. तळाला हातभर पाणी राखायचं, नळ आला की त्यावरच भरायचं. अख्खा तांडा पाण्याला तरसला तरी अनुसयाबाईच्या घरातून कुणी कोरड्या तोंडानं गेलं नाही. त्याचा तिला कोण अभिमान!

तीन वर्षांपूर्वी धाकटी मिना पाच दिवसांच्या तापात गेली. नववीतली पोर. डासाचा ताप, डॉक्टर म्हणाले. त्या दिवसापासून ती खिडकी अनुसयाबाईची वैरीण झाली. भोकात पोतं कोंबायची, पडलं की पुन्हा कोंबायची, आणि स्वतःलाच शिव्या घालायची. मग जाळी बदलली का नाही, असं विचाराल. अहो, त्या भोकाला हात लागला की मिनाचं तोंड समोर यायचं. कसली बदलते!

पण आता घरात तान्हं येणार होतं.

चाँद पाशा जाळीवाला पुसेगावहून मोटरसायकलवर आला तेव्हा दहा वाजून गेले होते.

"इतका उशीर काहून, चाँदभाई? पोरगी निघंल आता तिकडून!"

"भाबी, उतरू तर द्या. जाळी ताणून बसवावी लागती. घाई केली तर झोळ येतो."

जुन्या पट्ट्या त्यानं उचकटल्या. नवी जाळी चौकटीवर ताणली, पट्टी ठेवून बारीक खिळे ठोकले. अनुसयाबाई त्याच्या मानेवरच उभी. इथं ढिली दिसते, तिथं फट राहिली, या कोपऱ्यात अजून एक खिळा ठोका. तिचा नवरा वसराम दारातून म्हणाला, "अगं, काम करू दे की त्याला!" पण दुधानं तोंड पोळलेली बाई ती, ताकही फुंकणारच.

"अन् पाइप कुठून घेसान?" चाँद पाशानं विचारलं.

"दारातून घेईन. नळ येतो तवर दारात उभी राहीन. पण भोक पाडणार न्हाई."

दोन्ही खिडक्या झाल्या, दाराला जाळीचा पल्ला लागला. अनुसयाबाई एकटी आत गेली, पल्ला ओढून घेतला आणि उजेडाकडे बघत एकेक कडा बोटानं चाचपली. कुठं फट नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा ती त्या खिडकीखाली निवांत टेकली.

आणि मनगटाला काही तरी चावलं.

फटकन हात मारला. पांढऱ्या पट्ट्यांच्या पायांचा डास. आला कुठून हा मेला? तेवढ्यात दुसरा, टिपाडामागून. तिनं झाकणीची परात उचलली, तांब्यानं पाणी काढून दारातल्या उजेडात धरलं. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या.

"चाँदभाई!"

तो धावत आला, तांब्यात बघितलं आणि हळूच म्हणाला, "भाबी, हे तर आतच पैदा होऊन राहिले. तळातलं पाणी कधीच काढलं न्हाई का?"

अनुसयाबाई टिपाडापाशी खाली बसली. काखेत कळसा अन् गावाला वळसा! मिना अभ्यासाला इथंच बसायची. टिपाडाला पाठ लावून. गार लागतं म्हणायची आईला, याडी, इथं बरं वाटतं.

"मी खिडकीला शिव्या देत बसले हो," ती वसरामला म्हणाली. "अन् पोरीचा वैरी म्या माझ्या हातानं भरला. दर आठवड्याला."

वसराम तिच्याजवळ येऊन बसला. "आपल्याला काय ठाऊक व्हतं, अनुसया?"

ती उठली आणि टिपाडाला खांदा लावला.

"अगं, परवाच भरलंय! नळ आता मंगळवारी येईल!"

"मंगळवार गेला चुलीत! लावा हात!"

तिघांनी मिळून टिपाड आडवं केलं. पाणी घरभर पसरलं, उंबऱ्यावरून अंगणात गेलं. तळ दिसला, हिरवट, बुळबुळीत. तो तिनं राखेनं घासला, रडत घासला, आणि टिपाड उन्हात पालथं घातलं. मग दारं-खिडक्या लावून घरात कडुनिंबाचा धूर केला.

जीप आली तेव्हा धूर नुकता ओसरला होता. वसराम पाठमोरा उभा राहून डोळे पुसत होता. शिला पोरीला छातीशी धरून उतरली, ओला उंबरा बघितला, पालथं टिपाड बघितलं.

"याडी, हे काय झालं? अगोदर पाणी दे बाई, घसा सुकला माझा."

अनुसयाबाईनं नातीला अंगावर घेतलं, पदराखाली झाकलं.

"शेजारून मागून आणते," ती म्हणाली. "आपल्या घरात आज पाण्याचा थेंब न्हाई."

आणि जन्मात पहिल्यांदा हे बोलताना तिला लाज वाटली नाही.