पांढऱ्या पट्ट्याच्या आत

किस्से दुचाकींसारखे असतात. गल्लीत एक उभी राहिली, की तिला टेकून दुसरी, दुसरीला टेकून तिसरी. शेवटी पाय ठेवायला जागा उरत नाही.

आमची गल्ली सोलापुरात, विद्यापीठाच्या मागच्या फाटकाला लागून. पोरं लेक्चरला येतात आणि गाड्या आमच्या दारात लावतात. भांडणं वाढली तेव्हा महापालिकेचा पार्किंगचा पास निघाला. रहिवाशांना स्टिकर मिळणार. स्टिकरची गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या आत लावायची, बाकीच्या टोइंगवाले उचलणार.

मला गाडी नाही. पण माझी बायको कमल, तिच्या किडन्या थकल्यात. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. तिला कोपऱ्यापर्यंत चालवत नाही. गल्लीतलाच युसूफभाई रिक्षा दारात आणतो. उशीर झाला की मशीन दुसऱ्याला देतात, आणि घरी कमलला धाप लागते. त्यामुळे गल्लीला पार्किंग म्हणजे भांडण, मला मात्र छातीत धडधड.

*

पहिल्याच आठवड्यात शेजारच्या नरसम्माच्या मुलाची स्कूटर उचलली. विणकराचं घर, बाई जबरदस्त. टोइंगवाल्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पास हाय आमाला!"

"कुठंय? गाडीवर तर दिसत नाही."

तिनं त्याला हाताला धरून दारात नेलं. चौकटीवर, लिंबू-मिरचीच्या शेजारी, स्टिकर चिकटवलेलं!

"अहो मावशी, हे गाडीला लावायचं असतं!"

"गाडीला कशाला? गाडी आज हितं, उद्या तितं. घर कुटं जातंय का?"

*

पाहुण्यांसाठी पाहुणा-पास होता. महिनाभरात विद्यापीठातली निम्मी पोरं आमच्या गल्लीची पाहुणी झाली! सगळ्यात जास्त भाचे नरसम्माला. पोरं तिला मावशी म्हणायची आणि ती विरघळायची.

टोइंगवाल्याला संशय आला. एका मोटरसायकलजवळ थांबून त्यानं विचारलं, "ही कुणाची?"

"भाच्याची."

"नाव काय भाच्याचं?"

नरसम्मा पदर खोचून म्हणाली, "त्याच्या आईशी माजं भांडण हाय. त्या घरातल्या कुणाचंच नाव घेत न्हाय मी!"

*

एक सकाळ मात्र अंगावर काटा आणणारी. डायलिसिसचा दिवस. रिक्षा आमच्या दारापासून चार हातांवर अडकली, कारण मध्ये बिनास्टिकरची बुलेट आडवी. हँडल लॉक. युसूफभाईनं जोर लावला, मी लावला, ती हलेना.

"चाचा, ये तो हिलती नै," तो घाम पुसत म्हणाला.

मी वाचनालयात धावलो, कँटीनमध्ये धावलो. मालक सापडेना. परत आलो तर कमल दारात नव्हती. बघतो तर बाई बुलेटच्या सीटवर टेकून बसलेली, डोळे मिटून.

तेवढ्यात मालक आला. उंच, दाढीवाला, तावात. "आजी, नवीन गाडी आहे! उतरा खाली!"

कमलनं डोळे उघडले. "उतरते की बाळा. बरं झालं हितं लावलीस. उभं राहवत नव्हतं, बसायला झालं."

पोराचा चेहरा उतरला. त्यानंच हात देऊन तिला रिक्षात बसवलं. त्या दिवशी मशीन मिळालं, पण काठावर.

*

मग आमच्या गल्लीच्या कमिटीचे अध्यक्ष बनसोडे साहेबांनी सुधारणा काढली. निवृत्त हेडक्लार्क, शिस्तीचा माणूस. ते म्हणाले, "ज्याच्या घरात पेशंट, त्याच्या दारासमोर पिवळा चौकोन. तिथं कुणीच गाडी लावायची नाही."

पहिला चौकोन आमच्या दारात आखला. मला रडू यायचं बाकी होतं. रंगाचा डबा बंद व्हायच्या आत समोरचा म्हणाला, "मला बीपी आहे." त्याच्या शेजारच्याला शुगर, पलीकडच्याला मणका. संध्याकाळपर्यंत गल्लीत धडधाकट माणूस म्हणून एकटे बनसोडे साहेब उरले, आणि त्यांना पण चक्कर यायला लागली!

*

दसऱ्याची गोष्ट ऐका. आदल्या दिवशी सगळ्या गल्लीनं गाड्या काढून धुतल्या. ब्रश, रॉकेल, साबण, घासघासून. मग नवी पेठेतून आणलेले झेंडूचे हार. पोरं सुट्टीला गावी गेलेली, म्हणून गाड्या फक्त आमच्याच.

टोइंगवाला सकाळीच आला. एकाही गाडीवर स्टिकर नाही. सगळी धुऊन निघालेली! त्यानं नियमानं एकेक गाडी उचलली आणि हार-फुलांसकट नेली.

माणसं रस्त्यावर डोक्याला हात लावून बसलेली. त्यातून आमची रिक्षा वाऱ्यासारखी निघाली. कमल बाहेर डोकं काढून मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई, आज रस्ता किती मोठा वाटतोय!"

मी म्हणालो, "हळू बोल. घराघरात सुतक आहे."

*

पास आणखी कसा सुधारावा हे ऐकायला परवा पार्किंगचे मोठे साहेब स्वतः आले. गाडी गल्लीच्या तोंडाशी मधोमध लावली. ड्रायव्हर चावी घेऊन चहाला गेला. नरसम्माच्या अंगणात खुर्च्या मांडल्या. बनसोडे साहेबांचं भाषण सुरू झालं.

आणि घरात कमलला धाप लागली. नेहमीची नव्हे. ओठ निळे पडले. युसूफभाईनं आणि मी तिला उचलून रिक्षात घातलं, तोंडाशी आलो, तर कार आडवी.

युसूफभाईनं हॉर्नवरचा हात काढला नाही. सभा उठून धावत आली. साहेबांनी घाईघाईनं ड्रायव्हरला फोन लावला. फोन कारमध्येच वाजला!

कमलची मान माझ्या खांद्यावर कलली.

तेवढ्यात समोरच्या अभ्यासिकेतून पोरं उतरली. ज्यांच्या गाड्या आम्ही उचलायला लावायचो, तीच. कुणी काही विचारलं नाही. चारी बाजूंनी हात घातले. "एक, दोन, उचल!" कारचा सायरन बोंबलायला लागला. पोरांनी ती उचलत, सरकवत मोठ्या रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवली.

रिक्षा सुटली. कमलचा हात माझ्या हातात, गार. चौक मागे पडला, पूल मागे पडला, ती बोलेना. मी तिच्याकडे बघायला पण भीत होतो.

मग तिनं माझी बाही ओढली. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"अवो," ती थांबत थांबत म्हणाली, "सायबाची गाडी... पट्ट्याच्या भाईर ऱ्हायली की. उचलून नेतील. फोन करा त्यास्नी!"