कलमवाढ

ऑकलंडच्या माउंट रॉस्किल भागातल्या गणपतीत दरवर्षी कोणीतरी नवीन माणूस मला विचारतो, "तुम्ही काय करता?" बाकी सगळे आयटीत, त्यामुळे माझं उत्तर त्याने मनात धरलेलंच असतं. मी सांगते, "खून मोजते." मग तो प्रसादाच्या रांगेत जरा पुढे सरकतो. मला यात मजा येते, हे कबूल करते.

कामात मात्र मजा फारशी नाही. इथल्याच एका छोट्या संशोधन संस्थेत मी आकडे जुळवते. गेल्या वर्षी काम आलं ते असं : युरोपातल्या देशांत किती खून होतात त्याचा तक्ता करायचा आणि त्यात न्यूझीलंड कुठे बसतं ते दाखवायचं. ऐकायला सोपं. पण एक देश खुनाचा प्रयत्नही खुनातच धरतो, दुसरा खटला उभा राहिल्यावर मोजतो, तिसऱ्याकडे तान्ह्या मुलांचा रकाना वेगळा. "खून म्हणजे खून, त्यात मोजायचं काय एवढं," असं म्हणणाऱ्याला मी एक दिवस माझ्या खुर्चीत बसवणार आहे. सात महिने ईमेल पाठवून पाठवून मी देशोदेशीच्या कचेऱ्यांना पिडलं, तेव्हा कुठे तक्ता जमला.

सगळ्यात कमी खुनांचा म्हणून एक लहानसा देश पहिला आला. माझी मॅनेजर खूश झाली. "यांच्याकडून काय शिकता येईल?" हेच तक्ता सादर करतानाच्या तिच्या भाषणाचं सूत्र ठरलं. त्या शुक्रवारी तक्ता वेलिंग्टनला सरकारकडे जायचा होता, आणि तो गेला की ती मला नोकरीत कायम करणार होती.

त्याआधीच्या रविवारी दुपारी, म्हणजे पुण्याकडच्या सकाळच्या चहाला, मी बाबांना व्हिडिओ कॉलवर तक्ता दाखवला. बाबा तालुक्याच्या पोलीस ठाण्यात रायटर हवालदार होते. ठाण्याचं सगळं लिखाण त्यांच्या हातचं. शाबासकी मिळेल या आशेने मी पहिल्या नंबरावर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "जखमी माणूस मागाहून दवाखान्यात दगावला, तर कलमवाढ कोण करतं तिकडे?"

मारहाण झाली की गुन्हा आधी दुखापतीच्या कलमाखाली नोंदतात. जखमी नंतर मेला, तर ठाण्यातल्या कोणीतरी तो कागद पुन्हा काढून त्यावर खुनाचं कलम चढवावं लागतं. ती कलमवाढ. लहानपणी जेवताना हा शब्द आमच्या घरात मिठासारखा फिरायचा, आणि सात महिन्यांत मला तो एकदाही आठवला नव्हता.

"बाबा, तिकडे सगळं कॉम्प्युटरवर असतं."

"बरं. मग कॉम्प्युटर दवाखान्यात जाऊन बघून येतो का, माणूस आहे की गेला ते?"

मला राग आला. माझ्या सगळ्या मेहनतीवर यांनी चहा पिता पिता पाणी फिरवावं? पण सोमवारी मी त्या देशाच्या कचेरीला विचारलंच. बुधवारी सकाळी अतिशय सभ्य उत्तर आलं. पोलिसांचा आकडा तक्रारीच्या दिवशी लिहिला जातो तसाच राहतो. मागाहून मेलेली माणसं आरोग्य खात्याच्या मृत्यूनोंदीत मिळतील. मी त्या नोंदी लावून पाहिल्या. पहिल्या नंबरचा देश घसरून मधल्या गर्दीत जाऊन बसला. मागाहून मेलेल्यांत बायका पुष्कळ होत्या, घरातच मार खाल्लेल्या.

"तुम्ही म्हणालात तेच निघालं," मी बाबांना फोनवर सांगितलं. ते खूश होतील असं मला वाटलं होतं.

ते म्हणाले, "एक बाई होती. नवऱ्याने मारलेली. दुखापतीचा गुन्हा मीच लिहिला. तीन आठवड्यांनी ती गेली, दवाखान्याचा कागद माझ्याच टेबलावर आला. साहेब म्हणाले, राहू दे, महिनाअखेर आहे, खुनांचा आकडा वाढेल, पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्यात मी नाही बघितलं. नवरा थोडक्यात सुटला."

हे त्यांनी आईलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

गुरुवारी मी मॅनेजरसमोर बसले. हा देश खाली जाईल, आणि बाकीच्यांचंही हेच तपासायला मला दोन आठवडे लागतील, म्हणून सांगितलं. ती वाईट बाई नाही. "तळटीप टाकू या ना," ती म्हणाली. "मग सगळं स्वीट ॲज, एकदम झकास."

"तळटीप कोणी वाचत नाही. आकडा वाचतात."

"फार थोड्या माणसांचा फरक आहे."

"मेलेली माणसं आहेत ती. असा तक्ता जाणार असेल तर माझं नाव काढून टाक."

तक्ता दोन आठवड्यांनी गेला, माझ्या आकड्यांसकट. माझ्या नोकरीच्या कराराला सहा महिन्यांची मुदतवाढ मिळाली; कायम करण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. वाईट वाटलं, पण ताठ मानेने वाटलं.

त्या रविवारी बाबांनी माझ्या नोकरीचं विचारलंच नाही. "आल्या का त्या बायका तक्त्यात?"

"आल्या."

"मग आता माझं लिहून घे. माझा हात कापतो. एसपी साहेबांना अर्ज करायचाय."

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं, त्या बाईच्या गुन्ह्याबद्दलचा अर्ज. "बाबा, राहू द्या ना आता," मी म्हणाले. "इतकी वर्षं झाली. तुमच्या पेन्शनला काही झालं तर? पेपरात आलं तर?"

राहू द्या. ठाण्यातल्या त्या साहेबांचेच शब्द माझ्या तोंडून इतक्या सहज निघाले. मॅनेजरपुढे शूर झालेली मी, स्वतःच्या बापाची गोष्ट आली तेव्हा तळटीपसुद्धा द्यायला तयार नव्हते. मला माझी लाज वाटली.

बाबा रागावले नाहीत. "तिला एक मुलगी होती," ते म्हणाले. "तुझ्याच वयाची. आई जिन्यावरून पडली, असं सांगून वाढवलंय तिला. लिही."

मी लॅपटॉप पुढे ओढला. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, ठाणं सांगितलं. मग घसा खाकरून, ठाण्यात जबाब वाचून दाखवायचे त्याच आवाजात, पहिलं वाक्य सांगितलं : "सदर महिलेचा खून झाला होता."