थेंबांचा अर्ज

ऑफिसात मला सगळे शांत स्वभावाचा म्हणत. शांत वगैरे काही नाही, मी भित्रा आहे. आज पन्नाशी उलटल्यावर हे लिहितोय, तेही सुखाने नाही.

आणीबाणीत मी नागपुरातल्या एका सरकारी कचेरीत बाबू होतो. स्थानबद्धांचे अर्ज माझ्या टेबलावरून पुढे जायचे. कोणाला भेट हवी, कोणाला घरचं पांघरूण, कोणाला औषध. त्यांत सावनेरकडचे एक मास्तर होते. कोळसा खाणीतल्या मजुरांना ते अर्ज लिहून देत. फायलीत मला त्यांचा एवढाच गुन्हा सापडला. खटला नाही, आरोप नाही, सुटकेची तारीख नाही. आणि त्यांना काचबिंदू होता. रोज दोन वेळा डोळ्यांत थेंब पडले नाहीत तर नजर जाईल, असं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेलं होतं. त्यांची बायको दर मंगळवारी एसटीने यायची, थेंबांची बाटली रुमालात गुंडाळून. बाहेरचं औषध आत द्यायला परवानगी लागे. तिचा अर्ज साधा होता, चार दिवसांत सुटला असता.

त्याच आठवड्यात एक निळं हवाई पत्र आलं. युरोपातल्या कुठल्याशा गावातल्या एका बाईने आमच्या साहेबांना लिहिलं होतं. या शिक्षकांना डोळ्यांचं औषध मिळतं का, एवढं कृपया कळवावं. दमदाटी नाही, उपदेश नाही. तिला मास्तरांचं नाव कुठून कळलं, देव जाणे. मागोमाग तशीच आणखी पाच-सहा पत्रं आली.

आमची पद्धत अशी की, एका माणसाचे सगळे कागद एकाच फायलीत, आल्या क्रमाने, एकाच दोरीत ओवायचे आणि पानांवर आकडे टाकायचे. मी ओवले. खाली बायकोचा अर्ज, त्यावर ती पत्रं. माझं काम नेहमीच नीटनेटकं. पण परदेशी पत्र लागलं की फाईल गोपनीय व्हायची आणि थेट मुंबईला जायची. दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की थेंबांचा अर्जही तिच्यासोबत मुंबईला चालला. फाईल अजून माझ्याच टेबलावर होती. दोरी सोडायची, एक कागद काढायचा, आकडे बदलायचे. दहा मिनिटांचं काम. पण साहेबांनी विचारलं असतं, परदेशी पत्रं आलेल्या माणसाचा तुला एवढा पुळका का? मी दोरीला आणखी एक गाठ मारली.

साहेबांनी उत्तर सांगितलं, मी टाइप केलं. सदर प्रकरण ही भारताची अंतर्गत बाब असून त्यात बाहेरच्यांनी लक्ष घालण्याचं कारण नाही. मग चहा मागवून ते म्हणाले, दीडशे वर्षं आपल्याला लुटलं तेव्हा कुठे गेले होते यांचे मानवी हक्क? आता निघाले आपल्या घरात डोकवायला. सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली. कारण बोलणं खरं होतं. याचीच मला आज सगळ्यात जास्त चीड येते. खोटं असतं तर एखाद्याला तरी टोचलं असतं. खऱ्या वाक्याचं झाकण करून आम्ही ते एका माणसाच्या डोळ्यांवर ठेवलं.

मंगळवारी मास्तरांची बायको आली. मी आवाज चढवून म्हणालो, "बाई, परदेशातून पत्रं यायला लागली म्हणून तुमचं काम अडलं. त्यांना आधी थांबवा."

तिने रुमालातली बाटली माझ्या टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "मले त्या लोकाईचं काही माईत नाही साहेब. पन त्याईले इतक्या दुरून कयते का माह्या मालकाले थेंब पाह्यजेत, अन् तुमाले इथं बसून नाही कयत?"

मी पुढच्या माणसाला हाक मारली.

फाईल चार महिन्यांनी परत आली. औषध देण्यास हरकत नाही, असा शेरा होता. मास्तरांचा एक डोळा तोवर गेला होता. दुसरा सुटून आल्यावर वर्षभरात गेला.

देशाच्या सार्वभौमत्वाची मी टिंगल करत नाही. माझे वडील त्यासाठी बेचाळीसला तुरुंगात गेले होते. पण ते कमावलं ते कोणाचे थेंब अडवायला? गोऱ्याने कोंडलं की जुलूम, आणि आपल्याने कोंडलं की घरगुती मामला? आंधळं होणाऱ्या माणसाला त्यात काय फरक पडतो, हे मला एकदा कोणीतरी समजावून सांगा.

गेल्या वर्षी कळलं, की मास्तर आता नागपूरजवळ वाडीला राहतात, ट्रकांच्या गोदामामागे भाड्याच्या खोलीत, आणि पेपर वाचून दाखवायला कोणीतरी शोधत आहेत. मी गेलो. मी एक बाबू, वाचायला माणूस हवा म्हणून आलो, इतकंच सांगितलं. बायकोने दार उघडलं, मला पाहिलं आणि चहा टाकायला आत गेली. मला वाटलं, ओळखलं नाही.

तेव्हापासून दर रविवारी जातो. पेपर झाला की मास्तर पत्र सांगतात, मी इंग्रजीत लिहितो. दुसऱ्याच कुठल्या देशात कोंडलेल्या, कधी न पाहिलेल्या एका कारकुनासाठी त्या देशाच्या सरकारला पत्रं. त्याला वकील भेटू द्यावा, एवढंच मागणं. परवा उत्तर आलं. मी मोठ्याने वाचू लागलो आणि दुसऱ्याच ओळीला थांबलो.

"काहून गा थांबला?" मास्तर म्हणाले.

मी वाचलं. सदर प्रकरण ही आमच्या देशाची अंतर्गत बाब आहे.

मास्तर हसले. म्हणाले, "साहेबानं सांगतलं असंल, अन् तुह्यासारख्या एखाद्या बाबूनं टाइप केलं असंल बिचाऱ्यानं. चाल, दुसरं पत्र लिही."

मी लिहिलं. निघताना बायको चपलांपर्यंत आली. हळू आवाजात म्हणाली, "पयल्याच दिवशी वळखलं मी तुमाले. त्याईले काई सांगतलं नाही. तुमीच सांगा."

उद्या रविवार आहे. तोंडाने मला जमणार नाही, म्हणून हे कागद. तेही मलाच वाचून दाखवावे लागतील. मास्तरांना स्वतः वाचता येत नाही, आणि ती सोय मीच करून ठेवली आहे.