आखाडा बाळापुरात परत आलेला गारवा

नांदेडहून निघालो तेव्हा मे महिन्याचं ऊन अजून मवाळ होतं. धाकटी बहीण सुनंदा बाळंतपणानंतर हिंगोलीला सासरी निघाली होती, मांडीवर दीड महिन्याचं लेकरू. गाडी माझीच, जुनी, पण एसी असलेली.

आखाडा बाळापूरच्या अलीकडे एसीतून गरम वारा यायला लागला. काच उघडली तर झळच आत आली. बाळ लालबुंद होऊन रडलं आणि मग गप्प झालं. सुनंदा घाबरून त्याला हाका मारू लागली.

बाळापुरात लिंबाखाली एक रसवंती दिसली. ती चालवणारी शेवंताबाई जवळच्या तांड्यावरची (बंजारा वस्ती). तिनं काही न विचारता लेकरू घेतलं, ओल्या फडक्यानं पुसलं.

"काहून (का) घाबरून राहिली, बाई? पाज त्याला."

बाळ दूध ओढू लागलं तेव्हा मला गाडी आठवली.

शेजारी रामकिसनचं दुकान होतं. तो विहिरीवरच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचा.

"कंप्रेसर गेला. माघारी जावं लागणार," मी म्हणालो.

"आधी बघू तर. एसीचं काम म्या कधी केलं न्हाई, पण कॉईल वळखतो."

इंजिन आणि एसी चालू केले. पट्ट्यावर पुली फिरत होती, पण तिच्यापुढची चकती हलेना. ती पुलीला चिकटली तरच कंप्रेसर फिरतो, एवढं मला ठाऊक होतं. रामकिसननं बॅटरीवरून थेट वायर चकतीच्या कॉईलला जोडली. टक्! चकती फिरली. थोड्या वेळानं पाईपला हात लावला तर गार! म्हणजे कंप्रेसर शाबूत, गॅसही होता.

"मंग करंटच येऊन न्हाई राहिला," रामकिसन म्हणाला.

फ्यूज चांगला निघाला. उरला रिले, म्हणजे करंट सोडणारा छोटा डबीसारखा स्विच. हॉर्नचा रिले तसाच दिसत होता. त्यानं दोन्हींच्या पिना ताडून पाहिल्या, "बराबर हाय" म्हणत तो एसीला बसवला. वारा गार झाला.

"आणि हॉर्न?"

"ताईला वरडाय लावा!"

सुनंदा खळखळून हसली. रस पिऊन निघालो. कळमनुरीच्या वाटेवर म्हशी आडव्या आल्या की ती काच खाली करून ओरडायची, "ओ मामा, जरा कडंला घ्या!" बाळ ढिम्म झोपलेलं. हिंगोलीला दारात सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळला आणि नातवाच्या गालाला हात लावला. "लई नीट आणलंस, बाबा."

संध्याकाळी रिले परत हॉर्नला लावून, काचा उघड्या टाकून एकटाच परतलो. मी तर बाळापुरातूनच माघारी फिरायला निघालो होतो. बिघाड केवढा आहे हे बघण्याआधीच तो मनात केवढा वाढला होता!

घरी आईला सगळं सांगितलं. 

"पुढच्या खेपेला मलाबी ने," ती म्हणाली. "त्या शेवंताबाईला भेटायचंय मला."