मशीन वरच जाणार

टेलरबाईने सामान बांधायला घेतलं तेव्हाच शेजाऱ्यांनी ओळखलं होतं, की हे बिऱ्हाड चारचौघांसारखं हलणार नाही. लोक घर बदलताना खोकी आणतात, चिकटपट्टी आणतात. हिने जुन्या चादरी आणि पडदे काढले, त्यांच्या मोठमोठ्या पिशव्या केल्या, त्यात संसार कोंबला आणि पिशव्यांची तोंडं मशीनवर शिवून टाकली.

"खोकी फाटतात," ती नवऱ्याला म्हणाली. "माझी शिलाई फाटत नाही."

कुठल्या पिशवीत काय आहे ते कळावं म्हणून तिने प्रत्येकीच्या कोपऱ्यात एक बटण लावलं. लाल म्हणजे स्वयंपाकघर, निळं म्हणजे मुलांचं, पांढरं म्हणजे अंथरूण-पांघरूण. बटणं एकेक करून हातात द्यायचं काम पाच वर्षांच्या थोरलीकडे होतं, आणि ते तिने इतक्या तोऱ्यात केलं की जणू घर तीच हलवत होती. धाकटा अजून वर्षाचाही नव्हता. त्याने दोन बटणं गिळायचा प्रयत्न केला, एवढाच त्याचा हातभार.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. या लहान गावात उंच इमारती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे अर्धा महिना हातावर हात ठेवून बसावं लागे. मोठ्या शहरात त्याला पक्की नोकरी लागली आणि त्याच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, स्वतःच्याच इमारतीत त्यांना घर मिळवून दिलं. ताई दुसऱ्या मजल्यावर, हे तिच्या डोक्यावर तिसऱ्या. इमारतीला लिफ्ट नव्हती.

"लिफ्टवाल्याला बिनलिफ्टचं घर शोधून देणारी बहीण शोधून सापडायची नाही," टेलरबाई म्हणाली. नवरा हसला नाही. बहिणीबद्दलच्या विनोदांना तो कधीच हसत नसे.

ताईचा फोन रोज यायचा आणि रोज त्याच विषयावर यायचा. "ते मशीन कशाला आणतेस गं? दोन लहान मुलं, नवं शहर. तुला वेळ तरी मिळणार आहे का? शिवाय घरमालकांना मी शब्द दिलाय, घरात खडखडाट होणार नाही म्हणून."

"मला न विचारता दिलात, ताई. मशीन येणार," टेलरबाई म्हणायची आणि फोन ठेवायची.

ते मशीन म्हणजे काही शोभेची वस्तू नव्हती. काळं, पायाने चालवायचं, खाली बिडाचा जड सांगाडा. लग्नाआधी ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होती. कारखाना बंद पडला तेव्हा थकलेल्या पगाराऐवजी मालक म्हणाला, जे हवं ते उचला. पुरुषांनी कात्र्या उचलल्या, कापडाचे तागे उचलले. हिने कोपऱ्यातलं गंजून जाम झालेलं मशीन उचललं. सगळे हसले. हिने ते हातगाडीवर घातलं आणि भर बाजारातून स्वतः ढकलत घरी नेलं. रॉकेलने धुतलं, तेल पाजलं, चाक फिरेपर्यंत त्याच्या मागे लागली. त्यानंतर त्या मशीनवर तिने स्वतःचं नाव कमावलं. थोरली झाली, धाकटा झाला, पण 'अमक्याची बायको' म्हणून तिला गल्लीत कुणी ओळखलं नाही. ती टेलरबाईच राहिली. हे सगळं ताईला सांगायची तिला गरज वाटली नाही. नवऱ्याला तर सांगायची गरजच नव्हती, त्याला सगळं माहीत आहे असं ती धरून चालली होती.

ट्रक नव्या शहरात पोचला तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. मग जी तारांबळ उडाली ती विचारू नका. हमाल जिन्यात अडकले, कपाट वळणावर अडकलं, कपाटामागे तिसऱ्या मजल्याचे दुसरे भाडेकरू अडकले आणि ते सगळ्यांच्या नावाने शंख करू लागले. थोरली खालच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "आम्ही आजपासून इथेच आहोत." धाकटा टेलरबाईच्या कडेवर होता आणि तिचा एक कान त्याच्या मुठीत. नवरा प्रत्येक वस्तू दारात आणून विचारायचा, "हे कुठे ठेवू?"

"स्टुलावर." "मोरीत." "कुठेही ठेवा, पण दारात नको."

बादली, पंखा, आरसा, पायपुसणं, सगळ्यासाठी त्याने विचारलं. दुसऱ्या मजल्यावर ताई जिन्यात उभी राहून हमालांना हुकूम सोडत होती. ट्रक गेला, जिना मोकळा झाला आणि टेलरबाईने खोलीभर नजर फिरवली.

"मशीन कुठाय?"

"खाली आहे," नवरा म्हणाला. तो छतावरच्या दिव्याकडे बघत होता. "जिन्याखाली ठेवलंय. उद्या बघू."

"उद्या का?"

तेवढ्यात धाकट्याने भुकेने भोकाड पसरलं आणि प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. दूध पाजायची बाटली निळ्या बटणाच्या पिशवीत होती. पिशवी शिवलेली. उसवायला कात्री हवी. कात्री कुठे? लाल बटणाच्या पिशवीत. तीही शिवलेली. टाके उसवायची छोटी उसवणी तिने कात्रीशेजारीच, हरवू नये म्हणून, नीट गुंडाळून ठेवली होती.

दुसऱ्या कुणी बांधलं असतं तर कच्चे टाके घातले असते, ओढले की सुटणारे. पण कच्चं काम करायला टेलरबाईचा हात वळत नसे. तिने दुहेरी शिलाई मारली होती, बारीक टाक्याची, वर पुन्हा टोकाला उलट शिवून पक्की केलेली. आता आपल्याच कामापुढे तिने हात टेकले होते.

नवऱ्याची हत्यारांची पेटी सोबत नव्हती, ती कामावर पुढे पाठवली होती. तो म्हणाला, "ताईकडून सुरी आणतो."

"आणू नका," ती म्हणाली, आणि पिशवी दातात धरली.

पहिली पिशवी फाडली तर आत पातेली. लाल बटणं शेवटी संपली होती, आणि थोरलीने बिनधास्त निळं दिलं होतं. दुसरी फाडली तेव्हा बाटली मिळाली. तोंडात दोरे, मांडीवर पातेली, अशा थाटात ती बसलेली असतानाच ताई दारात आली.

"बघ," ताई म्हणाली. "हे तुझं शिवणकाम. अगं, मी तुझ्या वाईटावर आहे का? मी या शहरात आले तेव्हा माझंही टायपिंग सुटलं. चांगली नोकरी होती. काही बिघडलं का माझं?"

"ते तुमचं तुम्हाला माहीत, ताई," टेलरबाई तोंडातला दोरा काढत म्हणाली. "मला विचारू नका, मी खरं सांगून बसेन."

ताईचा चेहरा उतरला. ती वळून खाली गेली. टेलरबाईला थोडं वाईट वाटलं, पण माघार घ्यावी इतकं नाही.

धाकटा पोटभर दूध प्यायला आणि तरीही रडायचा थांबेना. डोळे झोपेने मिटत होते, पण झोप येत नव्हती. नवऱ्याने खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या. थोरलीने तोंडं वेडावून दाखवली. रडून रडून पोर लाल झालं. टेलरबाई खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि एकदम तिच्या लक्षात आलं. जन्मल्यापासून हा मशीनशेजारच्या कापडांच्या ढिगावर झोपलेला. मशीनचा तो खडखडाट बंद असताना झोपायचं कसं, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

ती त्याला घेऊन तीन मजले उतरली. जिन्याखाली, विजेच्या मीटरांच्या पेट्यांना टेकून, मशीन भिंतीकडे तोंड करून उभं होतं. शिक्षा दिल्यासारखं. तिने रागानेच ते ओढून वळवलं, रंगाचा रिकामा डबा बसायला घेतला, पोराला मांडीवर आडवं केलं. मशीन नुसतं चालवू नये, म्हणून सुईखाली एक चिंधी सारली आणि पाय हलवायला सुरुवात केली.

धाकट्याने एकदा हुंदका दिला. मग गप्प. थोड्याच वेळात त्याची मूठ सैल पडली.

जिन्यातून लोक जात होते, वाकून बघत होते. तिने कुणाकडे पाहिलं नाही. तिसऱ्या मजल्यावर जागा नसेल तर इथेच बसेन, तिने ठरवलं. मीटरच्या पेट्यांना काही माझा त्रास नाही.

तेवढ्यात दारात हातगाडी थांबली. जाडजूड माणूस आत आला, मशीनकडे पाहून खूश झाला. "वहिनी, हेच ना ते विकायचंय? मी जुनी मशीनं घेतो. फोन आला होता."

"ताईंचा?" तिचे पाय चालूच होते.

"ताई नाही बुवा. लिफ्टवाले साहेब म्हणाले."

तिचे पाय थांबले नाहीत. इतके दिवस ती ताईशी भांडत होती. तिच्याशी भांडणं सोपं होतं. पण नवरा तिच्याशेजारी झोपत होता, याने तिला मध्यरात्रीपर्यंत गणवेश शिवताना पाहिलं होतं, काजं करताना दिवा धरला होता. आणि याने सकाळपासून प्रत्येक फुटक्या बादलीसाठी विचारलं होतं, यासाठी मात्र परस्पर फोन केला होता. इतका राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि रागाच्या खाली जे होतं ते रागाहून वाईट होतं.

नवरा जिन्यातून खाली आला तो गाडीवाल्याला पाहून शेवटच्या पायरीवरच उभा राहिला.

"मी सांगणार होतो," तो म्हणाला. "नवी जागा आहे. पहिल्याच दिवशी घरमालकाशी वाकडं नको. पुढे विजेवरचं घेऊ, लहानसं, आवाज न करणारं..."

"लिफ्ट मध्येच बंद पडली की आतल्या माणसाला तुम्ही काय सांगता?"

"काय सांगणार? घाबरू नका, आहात तिथेच थांबा."

"मी नाही थांबणार," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पोर झोपलं होतं. "घरमालकांना मी स्वतः भेटेन. खाली रबर घालीन, दुपारी बंद ठेवीन, जे बोलायचं ते बोलेन. पण माझ्या वतीने आता कुणी शब्द द्यायचा नाही. ना ताईंनी, ना तुम्ही. हे मशीन गाडीवर चढलं तर मीही चढेन, पोरांसकट. मागे एकदा मी ते बाजारातून ढकलत नेलंय, परत ढकलायची मला लाज नाही."

नवऱ्याने मान खाली घातली. या वेळी त्याने वर दिव्याकडे पाहिलं नाही. तो पुढे आला, बाह्या वर सारल्या आणि सांगाड्याला हात घातला. एकट्याला ते हलेना.

टेलरबाई उठली, पोराला खांद्यावर घेतलं आणि गाडीवाल्याकडे वळली.

"भाऊ, आलाच आहात तर ते दुसरं टोक धरा."

"मी? मी तर न्यायला आलो होतो!"

"मग न्या की. तिसऱ्या मजल्यावर."

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा दारातल्या रिकाम्या गाडीकडे, आणि निमूट टोक धरलं. मशीन थांबल्याबरोबर धाकटा जागा होऊन पुन्हा रडू लागला. पूर्ण जिनाभर तो रडला. दुसऱ्या मजल्यावर ताईचं दार उघडलं. ताईने मशीन पाहिलं, भावाच्या कपाळावरचा घाम पाहिला, आणि वळणावर आडवी आलेली स्वतःची कुंडी पायाने बाजूला सरकवली.

वर थोरलीने दार सताड उघडून धरलं होतं. दोघं पुरुष धापा टाकत उंबऱ्यात थांबले. मशीन त्यांच्या हातात लटकत होतं. नवऱ्याने मान वर केली आणि बायकोकडे पाहिलं.

"कुठे ठेवू?" त्याने विचारलं.

"खिडकीत," टेलरबाई म्हणाली. "उजेड डावीकडून यायला पाहिजे."